रविवारची गोळी

दादा गेला तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता आणि मी चोवीस. भोपाळला बरखेडा वसाहतीत आमचं क्वार्टर होतं. बाबा कारखान्यात फोरमन होते, निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलेलं. दादा एका खासगी कंपनीत इंजिनिअर होता. रोज सकाळी वसाहतीच्या हॉलमध्ये बॅडमिंटन खेळायला जायचा. सिगारेट नाही, दारू नाही, पोट सुटलेलं नाही.

त्या रविवारी दोन गेम खेळून तो घरी आला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आई, छातीत जळजळतंय. कालची कचोरी बाधली वाटतं." आईने ओवा चावायला दिला. मी गार पाणी आणून दिलं. आम्हा कुणालाच घाई करावीशी वाटली नाही. अर्ध्या तासाने त्याने "बाबा" अशी हाक मारली, आणि त्या आवाजाने आम्ही तिघंही हातातलं टाकून धावलो. शेजारच्या काकांच्या गाडीतून त्याला नेलं. वाटेतच सगळं संपलं होतं, हे आम्हाला दवाखान्यात पोचल्यावर कळलं.

तिथल्या तरुण डॉक्टरने आम्हाला एका बाकावर बसवलं. त्याच्या हातात कागद होते, ते भरायचे होते. खाली बघतच त्याने विचारलं, "खाने-पीने का कैसा था इनका?"

आई म्हणाली, "घर का ही खाते थे. मैं ही बनाती थी."

त्याने काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. त्याच्या मनात काही नव्हतं, हे मी आज शपथेवर सांगू शकते. पण आईने ते उत्तर दिलं आणि त्याच क्षणी तिने स्वतःला दोषी ठरवलं. हे कळायला मात्र मला कितीतरी महिने लागले.

पंधराव्या दिवशी वसाहतीच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम घरी भेटायला आल्या. वयस्क, मूळच्या भोपाळच्याच. आईजवळ थोडा वेळ बसल्या. निघताना मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "बेटा, भैया की एड़ी के पीछे की नस मोटी थी क्या? गांठ जैसी?"

मी हो म्हणाले. दादाच्या टाचेमागे दोन्ही पायांना गाठी होत्या. बूट लागतात म्हणून तो नेहमी एक नंबर मोठे बूट घ्यायचा. खेळून खेळून झालंय, असं आम्ही समजायचो. मॅडम म्हणाल्या, "कल सुबह खाली पेट आ जाना. किसी को बताने की जरूरत नहीं."

माझं रक्त तपासलं. मी तेव्हा काडीसारखी होते, मैत्रिणी मला चिडवायच्या. तरी कोलेस्टेरॉलचा आकडा इतका वर होता की मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि कागद पुन्हा वाचला. हे जन्मापासूनच असतं, काही घराण्यांत रक्तातूनच येतं, आणि टाचेमागच्या गाठी ही त्याचीच खूण, असं त्यांनी मला समजावलं. रोज एक गोळी, आयुष्यभर. रोज पाऊण तास भरभर चालणं. तूप, साय, तळलेलं जवळजवळ बंद. "तू जी सकती है पूरी उमर," त्या म्हणाल्या, "लेकिन रोज करना पड़ेगा. रोज मतलब रोज."

मी मान हलवली आणि घरी आले. आई स्वयंपाकघरात होती. तेराव्यानंतर ती पुन्हा नीट स्वयंपाक करायला लागली होती, आणि माझ्यासमोर ताट ठेवून जेवण होईपर्यंत उभी राहायची. "जड नाही ना झालं? बरं झालंय ना?" प्रत्येक घासाला विचारायची. एक पोळी कमी घेतली तरी तिचा चेहरा उतरायचा. मी वरणावरचं तूप नको म्हणाले असते, तर तिने त्याचा काय अर्थ लावला असता ते मला दिसत होतं. मी तूप घेतलं. जेवले.

मग मी लपवायला लागले. टी. टी. नगरात एका सरकारी कार्यालयात मी डेटा एन्ट्रीचं काम करत होते. गोळ्यांची स्ट्रिप मी तिथल्या टेबलाच्या खणात ठेवली. आईने तुपात परतलेले पराठे, साबुदाण्याचे वडे भरून दिलेला डबा मी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला द्यायचे आणि स्वतः बाहेरून केळी नाहीतर भाजलेले चणे आणायचे. घरून तासभर आधी निघायचे, "काम वाढलंय" म्हणून, आणि बसस्टॉपवर न थांबता पुढचे दोन स्टॉप चालत जायचे. थंडीत ठीक होतं. मे महिन्यात सकाळी आठलाच रस्ता तापायचा आणि पाठ भिजून जायची. तरी मी चालले. मला वाटायचं, मला शिस्त लागली. कुणाला न सांगता आपण हे करतोय याचा थोडा अभिमानही होता.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. आकडा उतरला होता, पण हवा तेवढा नाही. मॅडमनी विचारलं, "गोली रोज लेती हो?"

"रोज."

"इतवार को?"

रविवारी कार्यालय बंद असायचं. दुसऱ्या शनिवारी, सणाला, सुट्टीलाही. मध्ये मी चार दिवस तापाने घरी होते, तेव्हाही गोळ्या टी. टी. नगरच्या खणातच होत्या.

"दिल की भी छुट्टी होती है क्या इतवार को?" त्या रागावल्या नव्हत्या. त्यांच्या आवाजात थकवा होता. "तेरे भाई को किसी ने बताया नहीं था. तुझे बताया है. घर में बोल."

मी घरी बोलले नाही. बोलायची तयारी करत राहिले. पण त्याआधीच आई एका शनिवारी बाजारात गेली आणि तिथे तिला माझी ती मैत्रीण भेटली. बिचारी प्रेमाने म्हणाली, "आंटी, आपके हाथ के पराठे! रोज मैं ही तो खाती हूं."

आई घरी आली. भाजीची पिशवी तिने ओट्यावर ठेवली, पण रिकामी केली नाही. मी कपड्यांच्या घड्या करत होते. ती दारात येऊन उभी राहिली.

"माझ्या हातचं खायची भीती वाटते ना तुला?"

"आई, काहीतरीच काय."

"नाही, सांग. मला कळलंय. त्या डॉक्टरने विचारलं तेव्हाच कळलं होतं. काय खायचा म्हणे. मीच तर घालत होते. तो नको म्हणायचा, मी म्हणायचे खा रे, खेळून येतोस, अंगी लागेल."

इतके महिने ती हे एकटी घेऊन फिरत होती. मी तिला धरून पलंगावर बसवलं आणि सगळं सांगितलं: दादाच्या टाचा, माझं रक्त, गोळ्या, चालणं. हे रक्तातून येतं, जेवणाने दादा गेला नाही, असंही सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून बोलतेस."

सोमवारी मी तिला आणि बाबांना घेऊन मॅडमकडे गेले. त्यांनी दोघांचंही रक्त घेतलं. दोन दिवसांनी निकाल आले. आईचं सगळं ठीक होतं, तिच्या वयाला शोभेल असं. बाबांचा आकडा माझ्यासारखाच होता.

मॅडमनी बाबांना विचारलं, "आपके पिताजी?"

बाबा म्हणाले, "नागपूर में. पैंतालीस के थे. कुर्सी में बैठे-बैठे." मग म्हणाले, "मेरे बड़े भाई भी."

आमच्या घरात आजोबांचं जाणं नेहमी एक भाग्याचं मरण म्हणून सांगितलं जायचं. कुणाला त्रास नाही, पडून राहणं नाही. मोठे काकाही तसेच गेले, पुण्यवान म्हणून, असं माझी आत्या म्हणायची.

घरी आल्यावर बाबा व्हरांड्यात बसले. कारखान्यात तीस वर्षं काम केलेला माणूस, बोलायचा कमी. त्यांनी तंबाखूची डबी काढली, उघडली आणि तशीच मांडीवर ठेवली. आई चहा घेऊन गेली. मी आत होते, खिडकीतून मला दोघंही दिसत होती.

"म्हणजे त्याला हे माझ्याकडूनच गेलं," बाबा म्हणाले.

मला वाटलं होतं, आईला आता हलकं वाटेल. तिच्या मानेवरचं जू उतरलं होतं. पण तिने चहाचा कप त्यांच्या शेजारी ठेवला, खाली जोत्यावर बसली आणि म्हणाली, "असं नका म्हणू हो. असं म्हणत बसलं की काय होतं ते मी बघितलंय." मग दोघंही बराच वेळ रडली. एकत्र रडताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. मी बाहेर गेले नाही.

त्यानंतरचं सगळं असं सरळ झालं नाही. आईने मॅडमकडून खायचं-न खायचं नीट लिहून आणलं आणि स्वयंपाकघराच्या दाराआड चिकटवलं. तेल चमच्याने मोजू लागली, तिघांना दिवसाला किती ते ठरवून. पहिले काही आठवडे भाज्या बेचव व्हायच्या. आम्ही जेवायचो. मग तिने हळूहळू दाण्याच्या कुटाचं, चिंचेचं, भाजलेल्या कांद्याचं काहीतरी जमवलं, आणि एक दिवस बाबा मागून वाढून घ्यायला लागले. माझी गोळी आता खणातून घरी आली होती. सकाळी चहाबरोबर बाबांची आणि माझी, दोन गोळ्या आई एका वाटीत ठेवायची. रविवारीही.

बाबांनी तंबाखू चारदा सोडली. पहिल्यांदा नऊ दिवस टिकले. दुसऱ्यांदा दादाच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी पुन्हा सुरू झाली, आणि त्या दिवशी कुणी काही बोललं नाही. चौथ्यांदा सुटली ती सुटली. सोबत चालायला मात्र ते पहिल्या दिवसापासून यायचे. सकाळी साडेपाचला आम्ही निघायचो. वसाहतीतले रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना झाडं. सुरुवातीला आम्ही हॉलच्या रस्त्याने जायचो नाही. कुणी ठरवलं नव्हतं, पाय आपोआप वळायचे. पुढच्या वर्षी निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून आम्ही जवळच्याच सोनागिरी वस्तीत राहायला गेलो, तेव्हा तो प्रश्नच मिटला. तिथले रस्ते अरुंद आणि कुत्री फार. बाबा हातात काठी घेऊन चालायचे.

मी कंटाळायचे. हे लिहायला हवं. सव्वीस-सत्तावीसची असताना बरोबरच्या मुली रात्री बाहेर जेवायला जायच्या, चौकात चाट खायच्या. मीही जायचे, आणि कधी कधी खायचेही. एकदा सलग पंधरा दिवस मी चालले नाही, कारण मला वाटलं, कशासाठी? सोळाव्या दिवशी बाबा काठी घेऊन दाराशी उभे होते. मला उठवलं नाही, हाक मारली नाही. नुसते उभे. मी चप्पल घातली.

परवा रक्ताचे निकाल आले. आमचे दोघांचेही आकडे मॅडमना हवे तिथे आहेत. त्या आता निवृत्त झाल्या आहेत, पण कागद त्यांच्या घरी नेऊन दाखवला की बघतात. त्यांनी बाबांना विचारलं, "नागपूर वालों की जांच हुई?"

बाबा घरी आले आणि त्यांनी फोन उचलला. मोठ्या काकांच्या दोन मुलांना, माझ्या चुलत भावांना, फोन करायचा होता. बाबा कधी कुणाला फोन करत नाहीत, ते काम आईचं. थोरला आधी हसला असावा, कारण बाबा म्हणाले, "हसू नको. तुझ्या बापाला पुण्यवान म्हणायचो आपण. तसं नव्हतं ते." बाबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "तुझी टाच बघ. आता बघ. मी थांबतो फोनवर."