शिंपीमास्तरांचे उलटे ससे

माझं चष्म्याचं दुकान आणि शिंपीमास्तरांचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे. म्हणून ही हकीकत मला ठाऊक. नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

मास्तरांना नाद एकच, पत्त्यांचे कॅट जमवायचा. साधे नव्हेत, सिनेमातली माणसं, कार्टूनमधले प्राणी छापलेले. घरी काचेच्या कपाटात ते ओळीने लावलेले. कुणाला खेळू मात्र देत नसत, स्वतःही खेळत नसत. "कोपरे मोडतात," म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी एकेक कॅट काढून पानं पुसायची, पाठीवरची सगळी चित्रं सरळ लावायची आणि कपाटाला कुलूप.

एका सकाळी ते तोंडात टाचण्या धरूनच माझ्याकडे आले.

"सशाच्या कॅटमधले काही ससे डोक्यावर उभे आहेत."

"मग?"

"मग काय मग! कुणीतरी खेळलंय. साध्या पत्त्याच्या पाठीला वर-खाली नसतं. सशाला पाय असतात."

संशय जावयावर. त्याचा कारखाना बंद पडल्यापासून लेक-जावई मास्तरांकडेच राहत होते. लेक नर्स, दिवसभर दवाखान्यात. जावई घरी. हा कॅट बाहेर नेतो, आज खेळतो, उद्या विकेल, असं मास्तरांच्या मनाने घेतलं. पण विचारायची सोय नव्हती. जावयाला चोर म्हटलं की तो त्याच पावली निघणार, लेकही त्याच्यामागे जाणार आणि पुन्हा बापाचं तोंड बघणार नाही. मग मास्तर नुसतीच पाळत ठेवू लागले. काचेवर बोटांचे ठसे शोधायचे. जेवताना जावयाच्या शर्टाचा खिसा न्याहाळायचे. एकदा त्यात काहीतरी चौकोनी दिसलं, तर ती डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी निघाली. त्यावरही त्यांचा विश्वास बसला नाही.

"आज दुपारी अचानक घरी जाऊ. तू साक्षीला चल," ते म्हणाले.

"मी कशाला, मास्तर? मला असल्या गोष्टींनी घाम फुटतो."

"म्हणूनच. तुझ्यासमोर मला ओरडता येणार नाही."

आम्ही चोरांसारखे जिना चढलो. दार लोटलेलं होतं. आतून मास्तरांच्या बायकोचा आवाज आला, "टाका, टाका! बदामाची राणी दाबून बसलाय, दिसतंय मला."

"आई, तुम्ही माझे पत्ते बघता!"

"वर्तमानपत्र वाचायला घेतल्यासारखे धरता, बघू नको तर काय करू?"

जावई हसला. तो या घरात आल्यापासून मी त्याला हसताना ऐकलं नव्हतं.

मास्तरांनी दार ढकललं. जावई ताडकन उठला, हातातली पानं जमिनीवर सांडली.

"किल्ली कुणी दिली?"

"मी घेतली," वहिनी म्हणाल्या. "​जावईबापू दिवसभर भिंतीकडे बघत बसून असायचे. घास उतरत नव्हता. मी काय करायचं होतं?"

"चूक माझी आहे, बाबा," जावई म्हणाला. "आम्ही उद्याच दुसरीकडे सोय बघतो." आणि तो खरंच आतल्या खोलीत बॅग काढायला वळला.

वहिनींनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की मलाच जिना उतरून पळावंसं वाटलं.

मास्तर खाली बसले. पानं गोळा केली. एकाचा कोपरा दुमडला होता, तो नखाने सपाट करत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "जावईबापू, बॅग राहू द्या. आधी खरं सांगा, ही नेहमी पत्ते बघते?"

जावई दारात थबकला. "नेहमी, बाबा."

"वाटलंच मला." मास्तर बायकोकडे वळले. "आणि तू खेळायला शिकलीस कुठे?"

"माहेरी. विचारलंत कधी?"

मास्तर बराच वेळ तिच्याकडे संशयाने बघत राहिले. मग पानं पिसून त्यांनी जावयापुढे ठेवली. "तिघांत वाटा. आणि हिच्यापासून जरा लांब बसा."

"चौघांत," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी दारातच उभे आहेत."

मी चपला काढल्या.