सतरंजीवरची जागा

“मणक्यात गॅप आहे. यापुढे जमिनीवर बसायचं नाही, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही.” डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाला धरून सांगितलं. एमआरआय म्हणजे चुंबकाच्या साहाय्याने काढलेलं शरीराच्या आतलं चित्र. त्या चित्रातलं मला काही कळलं नाही. कळलं ते एवढंच, की सतरंजी सुटली.

अमडापूरला आमच्या घरी बैठका होतात. पाण्याच्या, रेशनच्या, मजुरीच्या. बाबांचा नियम कडक: खुर्ची नाही, मंच नाही, सगळे सतरंजीवर. ते स्वतः दाराजवळ, चपलांपाशी बसत. त्यांच्या गुडघ्याला टेकून मी पत्रकं वाचायला शिकले.

आता माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आली. शेजारच्या कमलकाकू म्हणाल्या, “सरका वं बायांनो, अध्यक्षीणबाई आल्या!” सगळे हसले. मीही हसले. मग बैठकीला बसणंच सोडलं. कमरेला पट्टा आवळून आतल्या खोलीत पडायची आणि बाहेरचे आवाज ऐकायची. कोण तावातावाने बोलतंय, बाबा कुठे गप्प झालेत, सगळं कळायचं. जायला दहा पावलं पुरली असती.

आई हातातली बादली काढून घ्यायची. “ठेव वं माय, मोडशीन.” ते प्रेमच होतं. पण रोज ऐकून मला खरंच वाटू लागलं, की मी मोडणार. दुखणं मात्र वाढतच गेलं.

मैत्रिणीने ओढून चिखलीला फिजिओथेरपिस्टकडे नेलं. मॅडमनी आधी पायांतली ताकद, बधिरपणा, लघवीवरचा ताबा, सगळं विचारून-तपासून पाहिलं. धोक्याचं काही नव्हतं. मग म्हणाल्या, “फिल्ममधल्या अशा खुणा कंबर न दुखणाऱ्यांच्या मणक्यातही दिसतात. केस पिकतात ना, तसं समजा. तुम्हाला परत काय करायचंय?”

इतक्या दवाखान्यांत हे कोणीच विचारलं नव्हतं. “सतरंजीवर बसायचंय,” मी म्हणाले.

या उपचाराला बिहेवियरल फिजिओथेरपी म्हणतात. म्हणजे व्यायामाबरोबर दुखण्याविषयीची भीती आणि त्या भीतीतून लागलेल्या सवयी बदलणं. मी वाकताना श्वास कोंडून अंग आवळत होते, ते त्यांनी दाखवून दिलं. पट्टा हळूहळू सुटला. आधी गादीच्या जाड घडीवर बसले, मग पाटावर, मग फरशीवर.

मधेच एकदा फ्लेअर-अप आला, म्हणजे दुखणं अचानक भडकलं. मी पुन्हा पट्टा बांधून आडवी झाले. मॅडम फोनवर म्हणाल्या, “दुखतंय, हे खरं आहे. पण काही तुटलेलं नाही. आज अंगणात थोडं चाला, उद्या परत पाटावर.” मला संताप आला. तरी चालले.

कंबर धरून घरी बसलेल्यांनो, विशेषतः बायांनो, तुमच्यासाठी हे लिहिते आहे. धोक्याचं काही नाही ना, हे आधी तपासून घ्या. पण त्यानंतरही कोणी नुसतं ‘वाकू नका’ म्हणालं, तर त्याला विचारा: मग शेतातलं निंदण कोण करणार, चूल कोण सारवणार? वाकल्याशिवाय जिचं एकही काम होत नाही, तिला असं सांगणं हा उपचार नव्हे. तिला न घाबरता वाकायला शिकवायला हवं!

याला आता काही वर्षं झाली. दुखणं गेलं का? नाही. थंडीत, दगदगीत येतं. पण आता ते आलं म्हणून मी आत जाऊन पडत नाही.

ज्या दिवशी मी बैठकीत परतले, त्या दिवशी दाराजवळची जागा रिकामी होती. बाबा भिंतीला धरून उभेच. मधल्या काळात त्यांचे गुडघे गेले होते, आणि माझ्या कंबरेपायी ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी माझी खुर्ची आणून तिथे ठेवली.

“काऊन वं? मी काय मंत्री हाय?” बाबा चिडले.

कमलकाकूंनी संधी साधली. “बसा भाऊ, निवडून देल्लं तुमाले!”

हशा पिकला. बाबा कुरकुरत बसले. ज्या खुर्चीची मला इतकी लाज वाटली, ती त्या दिवशी मला नुसती खुर्ची दिसली. ज्याला लागते त्याच्यासाठी.

मी खाली सतरंजीवर बसले, चपलांपाशी. कंबर ठणकली. श्वास सोडला आणि त्यांच्या गुडघ्याला हलकेच टेकले.

“दुखते काय वं?” बाबांनी वाकून विचारलं.

“दुखते,” मी म्हटलं. “तुमचा गुडघा?”

“हाव.”

बैठक सुरू झाली.