शेषराव पाटलांच्या बाणाची पिसं

उंद्रीच्या हैदर पिंजाऱ्याने उभ्या जन्मात कमान धरली ती कापूस पिंजायला. तिच्यातून बाणही सुटतो, हे तो ऐकून होता, इतकंच. पण गावाचा हिशेब सोपा असतो: कमान ज्याच्या घरी, बाणाची कटकट त्याच्या दारी. दसरा तोंडावर आला तसे शेषराव पाटील देव्हाऱ्यातलं धनुष्य आणि बाण घेऊन त्याच्या ओट्यावर हजर झाले.

दसऱ्याला शिवेवर केळीचा खुंट रोवायचा आणि पाटलांनी तो बाणाने भेदायचा, ही जुनी रीत. महाराष्ट्र झाला, पाटीलकी गेली, हा एक मान तेवढा उरला होता. गेल्या साली मात्र बाण खुंट सोडून शेजारच्या वावरातल्या जनकाबाईच्या कडब्याच्या गंजीत शिरला. पाटलाने आपल्या गंजीची शिकार केली, असं ती विहिरीवर सांगत सुटली. पाटलांनी खापर फोडलं पिसांवर. ते अगदीच खोटं नव्हतं; कसर लागून पिसांच्या नुसत्या काड्या राहिल्या होत्या.

"नवी पिसं बसव," पाटील म्हणाले. "बाण सरळ गेला, त पोरीच्या लग्नाच्या गाद्या तूच भरजो. नाही त चिखलीचा पिंजारी हायेच."

पाटलांच्या घरचं लग्न म्हणजे हैदरच्या अख्ख्या हिवाळ्याची सोय. तो मान खाली घालून कामाला लागला. बाणाच्या शेपटाला गरम पाण्याचा फडका गुंडाळून ठेवला. जुना सरस मऊ झाला, तेव्हा बोथट सुरीने हलक्या हाताने खरवडून काढला. वेळूला ओरखडा येऊ दिला नाही. गावाबाहेर मेली ढोरं टाकतात तिथून, नाक धरून, गिधाडाची पिसं वेचून आणली. त्यांच्या दांड्या उभ्या चिरल्या, चार पिसं सरसाने चिकटवली आणि टोकांना पिंजायच्या कमानीची आतड्याची तात भिजवून गुंडाळली. तात वाळली की आवळते, ही त्याच्या धंद्यातली गोष्ट. तेवढ्यावर स्वारी खूश झाली.

परसात कापसाच्या ढिगावर बाण सोडून पाहिला, तर तो जत्रेतून पिऊन निघालेल्या माणसासारखा झोकांड्या खात गेला. पुन्हा सोडला, पुन्हा तेच. त्याची बायको गौसिया कोंबड्यांना दाणे टाकता टाकता बघत होती. तिने बाण उचलून पिसांवरून बोट फिरवलं. दोन पिसं इकडे वळलेली, दोन तिकडे. असं का, म्हणून तिने विचारलं. हैदरने तिला समजावलं की पाखराला पंख दोन, म्हणून दोन पिसं उजव्या पंखाची घेतली अन् दोन डाव्याची. जोडी नको का जमायला? बैलसुद्धा आपण जोडीनेच जुंपतो.

"तीर को पाँव एकच है जी," गौसिया म्हणाली. "उसकू जोडी कायकू?"

हैदर घटकाभर फुगून बसला. मग त्याने पुन्हा फडका गरम केला, सगळी पिसं उतरवली आणि चारही उजव्या पंखाची बसवली. आता बाण सुतात गेला आणि कापसात रुतला. ही अक्कल आपलीच, असं त्याने चावडीवर सांगितलं. तोवर गौसियाने खरं काय ते जनकाबाईच्या कानात घातलं होतं, म्हणजे गावाला दवंडी पिटायची गरज उरली नव्हती.

दसऱ्याला सगळं गाव शिवेवर लोटलं. जनकाबाईने यंदा गंज मुद्दाम दुसऱ्या अंगाला रचली होती. पाटलांनी धनुष्य ताणलं, एक डोळा मिटला आणि बाण सोडला. बाण आखल्या रेघेसारखा गेला आणि थेट तिच्या गंजीत शिरला. इतका सरळ गेला की दोष द्यायला जागाच नव्हती. पाटलांचा चुलतभाऊ किसनराव, तोच मान आपल्याला मिळावा म्हणून टपलेला, हळूच म्हणाला, "दादा, यंदा त पिसं नवी होती ना?"

लोक तोंडाला उपरणी लावून हसले. पाटील धनुष्य खांद्याला लावून घराकडे वळले. हैदर मात्र तिथेच समजला की गाद्या चिखलीला गेल्या. हसू झालेल्या माणसाला शब्दाची आठवण कोणी द्यावी?

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात पाटलांची बैलगाडी उभी राहिली, कापसाने भरलेली. मागून पाटील आले.

"बाण सरळ गेला," ते म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द."

हैदरने सलाम केला. पाटील निघाले, पण वळून परत आले आणि आवाज खाली आणला.

"तुह्या बायकोनं काढायले लावलेली पिसं हायेत का बे अजून?"

"हाव, पाटील. ठेवली हायेत."

"मंग पुढल्या साली तेच लावजो. दोन उजवी, दोन डावी."