एक कमी हाय

डावा डोळा बारीक करून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा मान फिरवायची आणि म्हणायची, "हाव, हाईत समदी." झाली तिची हजेरी. माझ्या हजेरीला पाच मिनिटं लागायची आणि त्यातही एखादं लेकरू दोनदा मोजलं जायचं.

बहात्तरच्या दुष्काळात जळकोटच्या बाजूला पाझर तलावाचं काम सुरू होतं. मी तिथे नवखा हजेरी कारकून. माती उचलणाऱ्या बायांची लेकरं ती एका लिंबाच्या झाडाखाली सांभाळायची. मी तिला मावशी म्हणायचो. ती मला 'ओ कारकून'. वय पंचेचाळिशीचं, आवाज घोगरा, माहेर मुदखेडकडचं. मोजायला तिला विसापर्यंतच यायचं, आणि ते ती आपणहून सांगायची. "त्याच्याम्होरं नजर हाय की!"

लेकरांसाठी सरकारची सुकडी यायची, भाजलेल्या पिठाचा गोडसर कोरडा खाऊ. ती पातेल्यातून मूठमूठ घालत जायची. तालुक्याहून साहेब आले, त्यांना हे अंदाजपंचे काम पटलं नाही. त्यांनी मापाचा पेला दिला. त्या दिवशी शेवटच्या चार लेकरांना सुकडी उरलीच नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा मुठीवर आली, आणि शेवटच्या लेकराच्या ताटलीत पहिल्याइतकीच सुकडी पडली. पेला तिने पाणी प्यायला ठेवून घेतला.

तिच्या घराने धम्म स्वीकारलेला होता, हे साऱ्या कामावर माहीत होतं. पहिल्या आठवड्यात तिघीजणींनी आपली लेकरं तिच्याकडे दिली नाहीत, लांब एका बाभळीखाली निजवली. बाभळीची सावली ती केवढी! दुपारी त्यातली एक लेकरू काखेत घेऊन लिंबाखाली आली आणि खाली मान घालून उभी राहिली. मावशीने अंथरलेल्या गोधड्यांवरून नजर फिरवली.

"दोघाला जागा हाय अजून. तिसरं बी आणा म्हणावं, त्याला मांडीवर घेते."

या गोष्टीवर ती पुढे कधी बोलल्याचं मी ऐकलं नाही.

तलावाच्या दगडासाठी जवळच खाण होती. तिथे दुपारी सुरुंग लावायचे. आधी शिट्टी व्हायची, माणसं मागे यायची, मी लेकरं मोजून हात वर केला की मिस्त्री वात पेटवायचा. एके दिवशी मी मोजली. एकतीस. वहीतही एकतीस. हात वर करणार, तोच ती आडवी आली.

"थांबा. एक कमी हाय."

"मावशी, एकतीस आहेत. वहीत तेवढीच आहेत."

"वहीचं ऱ्हाऊ द्या. हितं मोकळं दिसून राहिलंय." तिने दोन गोधड्यांमधली जागा दाखवली. मला तिथे काही दिसलं नाही.

मी पुन्हा मोजली. एकतीसच. खालून मिस्त्री ओरडत होता, "ओ, झालं का न्हाई?" ऊन मी म्हणत होतं, माणसं खोळंबली होती. मी चढ्या आवाजात म्हणालो, "मोजलीत मी दोनदा!"

"मोजलीत हो. बघितली न्हाईत."

एवढं बोलून ती खाणीकडे पळत सुटली. तिला पळताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. मिस्त्रीने हातातली काडी फेकून दिली.

खाणीच्या कडेला एक मोडकी बैलगाडी होती. तिच्याखाली दोन वर्षांची पोर गाढ झोपली होती. सकाळी एक बाई कामावरच्या बहिणीला भेटायला आली होती आणि पोरीला लिंबाखाली सोडून बहिणीसोबत माती उचलू लागली होती. वहीत त्या पोरीचं नाव नव्हतं. माझी मोजणी बरोबर होती. पोर तिच्यात नव्हती, एवढंच.

मावशीने आधी त्या बाईला झापलं, मग मला. मग ती खाली बसली. संध्याकाळपर्यंत तिने ती पोर मांडीवरून उतरवली नाही. सुकडी त्या दिवशी मी वाटली, आणि अर्थातच पुरली नाही. त्यानंतर ती 'हाव' म्हणाल्याशिवाय मी कधी हात वर केला नाही.

दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला आणि माझी बदली तिकडे झाली. नव्या जिल्ह्यातल्या एका सभेला ती लेकीसोबत आलेली दिसली. लेक मुरुडच्या शाळेत शिक्षिका झाली होती. आमच्या साहेबांना गर्दीचा आकडा हवा होता. मी हळूच तिच्याकडे पाहिलं.

"आपल्या तळ्यावरची माणसं दोनदा भरली तर इत्ती," ती म्हणाली.

तळ्यावर चारशे माणसं होती. मी साहेबांना आठशे सांगितलं. त्यांनी त्यावर एक शून्य चढवलं. हे तिला सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. पण तो अंदाज काढताना तिने तीनदा मान फिरवली होती आणि दोन्ही डोळे बारीक केले होते, हे माझ्या लक्षात आलं.

काचबिंदू होता, लेकीने नंतर सांगितलं. उशीर झाला होता. एका डोळ्याने पुढे थोडंफार दिसायचं, दुसऱ्याने काहीच नाही.

नंतर एकदाच भेटली, नांदेडच्या बसस्थानकावर. काळा चष्मा लावून बाकावर बसली होती. लेक तिकिटाची चौकशी करायला गेली होती. मी शेजारी बसलो, म्हणालो, "मावशी, मी. कारकून."

तिने हात पुढे केला. तो माझ्या खांद्यावर पडला, मग गालावर आला, तिथे थांबला.

"लई वाळलास रे. काय झालंतं?"

ती मला पहिल्यांदाच अरे-तुरे करत होती. त्या हिवाळ्यात काविळीने मला पार पोखरलं होतं. घरचे रोज बघत होते, म्हणून त्यांना फरक दिसत नव्हता. कचेरीत कुणी विचारलं नव्हतं. "काही नाही," असं म्हणून मी सुरुवात केली, आणि बस लागेपर्यंत तिला सगळं सांगत बसलो.

पुढच्या वर्षी मुरुडला तिची लेक रस्त्यात दिसली. एकटीच होती. मी मावशीचं विचारायच्या आधीच तिने नकारार्थी मान हलवली.