सुट्टीच्या दिवशीची दाढी

चौकातल्या केस कापायच्या दुकानाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी असे. कारागीर त्या दिवशी पाय पसरून झोपत. मालक मात्र सकाळीच पेटी उचलून वेड्यांच्या इस्पितळाकडे चालू लागे. सगळे त्याला मामा म्हणत, वयाने मोठे होते तेसुद्धा.

त्याचा थोरला भाऊ त्याच इस्पितळात वारला होता. घरी आणला तेव्हा दाढीच्या जटा झालेल्या. आई म्हणाली, हा माझा नव्हेच. मामाने भावाची दाढी केली, तेव्हा कुठे तिने हंबरडा फोडला. त्या दिवसापासून मामाच्या मनाने घेतलं की देव एक ना एक दिवस विचारणार, हातात कला दिली होती, कुणासाठी वापरलीस? नुसतं गिऱ्हाइकांसाठी, असं सांगायची त्याला लाज वाटे. पूजापाठ त्याला फारसा जमत नसे. खाटेशी बसला की डोळे मिटून ‘तुझंच काम आहे, सांभाळ’ एवढं पुटपुटायचं आणि साबण फेसायला घ्यायचा. कुणी अंगावर थुंके, कुणी शिव्यांची लाखोली वाही, कुणी लेकरासारखा गाल पुढे करी.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक गवंडी होता. मुका नव्हता, पण बोलत नसे. त्याचा कधी त्रास झाला नाही. एकदा पलीकडे आरडाओरडा झाला म्हणून वॉर्डबॉय तिकडे धावला. तेवढ्यात गवंड्याने मामाच्या हातातला वस्तरा हिसकावला आणि स्वतःच्या गळ्याला लावला. मामाने मागचापुढचा विचार न करता पातंच मुठीत धरलं.

गवंडी वाचला. मामाच्या उजव्या हाताच्या शिरा तुटल्या. टाके पडले, जखम भरली, पण बोटं काही मिटेनात. दुकान जावयाच्या हाती गेलं आणि मामा टॉवेलच्या घड्या घालत बसू लागला. जुनी गिऱ्हाइकं त्याच्या हाताकडे बघायचं टाळत. पुढे पुढे दुकानाकडे यायचंच टाळू लागली.

बायको त्याला घास भरवी. एकदा भरवता भरवता ती म्हणाली, “तुमच्या देवाला दुसऱ्या कुणाचा हात सापडला नाही का हो?”

“मलाही कळत नाही गं,” मामा म्हणाला.

इस्पितळात जाणं बंद झालं, पुटपुटणंही थांबलं. तो रुसला नव्हता. देवाला काय म्हणावं तेच त्याला सुचत नव्हतं.

मग तोच वॉर्डबॉय केस कापायला आला. त्याने सांगितलं की गवंड्याला तेव्हापासून खाटेला बांधून ठेवलंय, त्याच्या जवळ जायला कुणी धजत नाही, दाढीत खरकटं वाळून खाली चट्टे पडलेत. सुट्टीच्या दिवशी मामाने बोथट टोकाची कातर पेटीत टाकली. बायकोने पाहिलं आणि ती पाठ फिरवून आत गेली.

इस्पितळात वॉर्डबॉयने गवंड्याचं डोकं धरलं. मामा डाव्या हाताने कोमट पाण्याचा बोळा फिरवून खरकटं भिजवू लागला. गवंड्याने डोळे उघडले.

“तेव्हा पातं का धरलंस?” त्याने विचारलं.

मामाचा हात थांबला. देवाचं नाव घ्यावं असं वाटलं, पण ते तोंडातून फुटेना. “हात पुढे गेला,” तो म्हणाला, “एवढंच.”

त्यानंतर तो दर सुट्टीला जाई आणि गवंडी दर वेळी तेच विचारी. हळूहळू त्याने खाणं सोडलं, मग विचारणंही सोडलं, आणि एका थंडीत तो गेला. त्याला न्यायला कुणीच आलं नाही. मामाने डाव्या हाताने, फार वेळ लावून, त्याचा चेहरा स्वच्छ केला. कातर वाकडी चालली, हनुवटीखाली थोडे केस राहिलेच.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, “झालं समाधान?”

“समाधानासाठी जात नव्हतो,” तो म्हणाला. मग आपण खोटं तर बोललो नाही ना, या विचारात कितीतरी वेळ तसाच उंबऱ्यावर बसून राहिला.