फाशी कोठडीचा खर्च

मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेत काळूरामला कुणी ओळखीचं भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "फाशी कशी देतात हो?" एकतीस वर्षं तुरुंगात शिपाईगिरी केली, पण लोकांना त्याच्याकडून एवढंच ऐकायचं असे. तो वैतागायचा. "दोर काय महाग नाय," म्हणायचा, "वाट बघायलाच लय पैसा लागतो." आणि मग समोरच्याला नको असलेलं सगळं ऐकवायचा. जन्मठेपेचा कैदी कारखान्यात सतरंज्या विणतो, निदान आपल्या भाकरीपुरतं राबतो. फाशीवाल्याला काम नाही. त्याच्या कोठडीसमोर तिन्ही पाळ्यांना दोन-दोन शिपाई, दिवा कधी मालवायचा नाही, पायजम्याला नाडी नाही, डॉक्टरची रोजची फेरी. का, तर सरकारने मारायच्या आधी त्याने आपणहून मरता कामा नये. लोक हसायचे आणि पाळण्याकडे निघून जायचे.

२००२ साली हा विषय त्याच्या सख्ख्या बहिणीच्या दारात आला.

देवकी आटगावजवळच्या एका गावात दिलेली. नवरा आधीच गेलेला. तिचा एकुलता एक मुलगा ज्ञानेश्वर तीन वर्षांपूर्वी बांधावरच्या भांडणात गेला. शेजारच्या लडकूने कोयत्याने मारला, भर दुपारी, चारचौघांसमोर. कोर्टाने लडकूला जन्मठेप दिली आणि गावाचं डोकं फिरलं. हा आता आपल्या पैशावर बसून खाणार! देवकीचा दीर नामा याने हायकोर्टात जायचं ठरवलं. फाशी मागायचा अर्ज वकिलाने तयार केला, गावाने वर्गणी काढली. फक्त देवकीचा अंगठा हवा होता. ती म्हणाली, "दादाला इचारते. त्यानं जेलातलं बघितलंय सगळं."

रविवारी सकाळी ओटीवर माणसं जमली. काळूराम मुरबाडहून आला आणि आल्या आल्या चुकला. मेलेल्या पोराच्या आईसमोर त्याने हिशेब मांडायला घेतला.

"फाशीची शिक्षा झाली म्हंजे संपलं नाय रे नामा, तितनं सुरू होतं. हायकोर्ट, मग दिल्ली, मग दयेचा अर्ज. तितं आपल्या बाजूनं सरकारी वकील, आन् लडक्यालाबी वकील बहुतेक सरकारच देतं. माझ्या पहाऱ्यातला एक मानूस नऊ वर्षं फाशी कोठडीत होता. सहा शिपायांचा पगार धरा. तेवढ्यात वीस-पंचवीस जन्मठेपवाले जेवतात. आन् शेवटी काय? फाशीची जन्मठेपच झाली. सरकारनं दोनी खर्च केले."

"म्हंजे खुन्याची बाजू घ्यायला आलास तू?" नामा उसळला.

काळूराम उत्तर द्यायला तोंड उघडतो तोच आतून देवकीचा आवाज आला. "दादा, माझ्या ज्ञानेश्वरचा खर्च धरलास का रे यात?"

काळूरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोटातलं बोलायची हिंमत नव्हती म्हणून आपण आकडे बोललो, हे त्याचं त्यालाच कळलं. माणसं एकेक करून उठली. जाताना नामा कागद खुंटीला अडकवून गेला. "वहिनी, उद्या सकाळी गाडी हाय. अंगठा दिलात तर नेतो."

देवकी चुलीपुढे होती. काळूराम उंबऱ्यात बसला.

"देवके, आकड्यांचं सोड गो. एक गोष्ट मी कुनाला सांगितली नाय." तो खाली बघत बोलू लागला. "त्या नऊ वर्षंवाल्या मानसानं ज्याला मारला, त्याचा बाप दर वर्षी जेलच्या दारात यायचा. लांबून, एस.टी. बदलत. मला इचारायचा, झाली का? मी म्हनायचा, अजून नाय बाबा. नऊ वर्षं. पयल्या वर्षी आला तवा ताठ होता. मग काठी आली. घरात लेकीचं लगीन होतं, तर त्याला तारीख ठाव नव्हती. कोर्टाच्या तारखा मात्र तोंडपाठ. जन्मठेप झाल्याचं मीच त्याला सांगितलं. रडला नाय तो. म्हनाला, मग आता मी काय करू?"

तव्यावरची भाकरी करपली. देवकीने ती उतरवली नाही. तिने विचारलं, "लडक्या सुटंल का?"

"कवातरी सुटंल. खोटं कशाला सांगू?"

तिने डोळ्याला पदर लावला आणि पाठ फिरवली. काळूराम न जेवताच मुरबाडच्या गाडीला लागला. बहीण तुटली, असं तो वाटभर धरून चालला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवकीने खुंटीवरचा कागद काढून नामाच्या हातात दिला, अंगठ्याशिवाय. "लोकांची वर्गणी परत करा भावजी. लडक्या राहील तवर राहू दे तितं. मला त्याच्या मरनाची वाट बघत जगायचं नाय." नामा महिनाभर तिच्याशी बोलला नाही. गावाने खापर काळूरामवर फोडलं. शहापूरच्या बाजारात दोघांनी त्याला बघून तोंड फिरवलं.

त्या वर्षी भाऊबीजेला निरोप येईल असं त्याला वाटत नव्हतं. आला. देवकीने पाट मांडला, टिळा लावला, ओवाळलं. तबक खाली ठेवण्याआधी ती थांबली.

"दादा, तू खरं बोललास. मीबी तुझंच ऐकलं," ती म्हणाली. "पन लडक्या जिता हाय, हे रोज सकाळी उठल्यावर मला आठवतं. ते तू येऊन मिटवू शकत नाय. जेव आता."

काळूराम जेवायला बसला. ती वाढत राहिली आणि तो खात राहिला.