एवढं झालं की जाऊ

रस्त्यावर एखादी जुनी गाडी खोकत खोकत सुरू झाली की माझी मान आजही आपोआप वळते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, हायवेवरचे अपघात तर विचारू नका. ते सगळं आता पुसट होत चाललंय. पण खालापूर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी असताना हाताळलेलं मोटारचोरीचं प्रकरण जसंच्या तसं डोळ्यांपुढे आहे. त्यात ना कोणाला अटक झाली, ना शिक्षा. नावं मी कोणाचीच सांगणार नाही. माणसं अजून त्याच भागात राहतात.

रविवारची सकाळ होती. आमच्याकडे रविवार म्हणजे मुंबईहून आलेल्या मंडळींचा दिवस. कोणाचं पाकीट जातं, कोणाचा रिसॉर्टवाल्याशी तंटा होतो. त्या गर्दीत पुण्याहून आलेला एक चाळिशीचा गृहस्थ समोर बसला. वडिलांची गाडी चोरीला गेली, म्हणाला. वडील भिवपुरीच्या वीजकेंद्रात इंजिनिअर होते. निवृत्तीनंतर लोधिवलीला छोटा बंगला बांधून राहिले आणि वर्षभरापूर्वी वारले. गाडी दोन सीटांची, बिनछपराची, विलायती, माझ्याहून वयानं मोठी. मुंबईच्या एका शौकिनाशी सौदा ठरला होता आणि सोमवारी दुपारी त्याचा ट्रक गाडी न्यायला येणार होता. रविवारी हा बंगल्यावर आला, तर गॅरेज रिकामं.

"संशय कोणावर?" मी विचारलं.

"मिस्त्रीवर. बाबांबरोबर तोच दर रविवारी गाडीखाली पडलेला असायचा. विकतोय म्हटल्यावर माझ्याशी भांडला होता. शिवाय ती गाडी त्याच्याशिवाय कोणाला सुरूच करता येत नाही."

"घरात आणखी कोण असतं?"

"फक्त आई. ती कालपासून कर्जतला मावशीकडे आहे. आणि साहेब, एक विनंती. तिला यातलं काही कळवू नका. बीपी आहे तिला. बाबांची गाडी गेली हे ऐकून ती हाय खाईल."

मुलगा आईची काळजी करतोय, याचं मला कौतुकच वाटलं. गुन्हा नोंदवून घेतला आणि हवालदाराला घेऊन पंचनाम्याला निघालो.

गॅरेज नीटनेटकं होतं. कुलूप फोडलेलं नव्हतं, किल्लीनं उघडून पुन्हा लावलेलं. आत जमिनीवर तेलाचे दोन डाग होते, एक इंजिनच्या जागी, एक त्याच्या मागे. ते गळतं तेल पकडायचा पत्र्याचा ट्रे बाजूला सरकवून ठेवला होता. कोपऱ्यातल्या स्टुलावर गाडीचं कव्हर होतं, त्याची चौकोनी घडी घातलेली. कडेला कडा जुळलेली, वर हात फिरवून सुरकुती काढलेली. इतक्या वर्षांत घाईत नसलेला चोर मी पाहिला नव्हता.

मिस्त्रीला तिथेच बोलावून घेतलं. साठीचा माणूस, कोकणी मुसलमान, चौक गावाच्या बाजूला त्याचं छोटं गॅरेज. आत आला, रिकाम्या जागेकडे बघून त्याचा चेहरा उतरला. मग त्याची नजर स्टुलावरच्या घडीवर गेली आणि तो एकदम गप्प झाला. माणूस कशाकडे बघून गप्प होतो, ते पोलिसानं लक्षात ठेवायचं असतं. मी ठेवलं.

खिळ्यावर हातभर लांबीची एक रबरी नळी लटकत होती. "ही कशाला?" मी विचारलं.

"हिला दोन कार्बोरेटर हायत, साहेब. दोगांनी हवा सारखी ओढाया पायजे, नायतर इंजिन थरथरतं. नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाशी. फुसफुस दोनीकडं सारखी येईस्तो स्क्रू फिरवायचा."

"कान कोणाचा?"

"इंजिनिअरसाहेबांचा," तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर बघू लागला.

संध्याकाळी आमच्या खबऱ्याचा निरोप आला. तो चौकात वडापावची गाडी लावतो, त्याच्या नजरेतून माशीसुद्धा सुटत नाही. मी स्वतः जाऊन भेटलो.

"हिरवी गाडी, साहेब. छप्पर नाय. शनिवारी दुपारी कर्जत रोडला वळली."

"चालवणारा कोण होता?"

"तोंड नाय दिसलं. डोक्याला रुमाल, डोळ्याला गॉगल. एकटाच व्हता. पन एक सांगतो, वळताना हात भायेर काढून दाखवला बगा. आता कोन हात दाखवून वळतो?"

कर्जतला वायरलेसवर वर्णन कळवलं आणि सोमवारी सकाळी मिस्त्रीला पुन्हा ठाण्यात बोलावलं. अटक नव्हती, पण ठाण्याच्या बाकावर बसलेला माणूस बाजारात कोणी पाहिला की बाजार त्याचा निकाल लावून मोकळा होतो. त्यालाही ते कळत होतं. मी चहा मागवला.

"मिस्त्री, ती गाडी सुरू कशी करतात, ते सांगा."

गाडीचं नाव काढताच तो खुलला. "किल्ली फिरवली की मागनं टिकटिक यायला पायजे. तो पेट्रोलचा पंप. नाय आली तर उतरून मागं जायाचं आन् लाकडी दांड्यानं पंपाला हळू ठोकायचं, रुसलेल्याची पाठ थोपटतात तसं. मग चोक ओढायचा. थंड असंल तर पुरा, तापली असंल तर अर्धा. आन् बॅटरी हिची उलटी. सगळ्या गाड्यांना निगेटिव्ह बॉडीला, हिला पॉझिटिव्ह. म्हाईत नसणारा तिथंच फसतो."

"म्हणजे चोर माहीतगार. कोणाकोणाला जमतं हे?"

"इंजिनिअरसाहेबांना जमायचं. मला जमतं."

"आणखी?"

त्यानं कप खाली ठेवला. "आनखी कोन नाय."

"मग गाडी तुम्हीच नेली, असं होतं."

"तसं समजा, साहेब."

खोटं बोलणारे मी हजारोंनी पाहिलेत. माणूस खोटं बोलतो ते सुटण्यासाठी. हा अडकण्यासाठी बोलत होता. कोणाला तरी पाठीशी घालत होता, पण कोणाला, ते मला सुचेना.

तेवढ्यात मुलगा आला. सौदेवाल्याचे फोनवर फोन येत होते, तो वैतागला होता. त्याला माझ्या खोलीत बसवलं आणि सहज विचारलं, "एवढी वर्षं वडील दर रविवारी काय करायचे हो त्या गाडीचं?"

"काही ना काही बिघडलेलंच असायचं. आई शेजारी स्टुलावर बसून टॉर्च धरायची, पाने द्यायची. आणि ओरडून ओरडून बोलायची बिचारी. बाबांचे कान वीजकेंद्रातल्या मशिनांनी केव्हाच गेले होते. मागे ट्रकनं हॉर्न दिला तरी त्यांना कळायचं नाही."

माझा हात टेबलावरच थांबला. ज्या माणसाला हॉर्न ऐकू येत नव्हता, तो नळीतली फुसफुस काय ऐकणार?

"आईंना गाडीतलं बरंच कळत असेल मग," मी म्हणालो.

"आईला? तिला काय कळणार गाडीतलं?"

"गाडी विकताना त्यांना विचारलंत?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भलतंच काही विचारलंय.

मी उठून बाहेर बाकापाशी गेलो. "मिस्त्री, नळी कोणाच्या कानाला असायची?"

त्याचे डोळे भरून आले. "साहेब, मला आत टाका. पन तेवडं इचारू नका."

आणि त्याच वेळी रस्त्यावरून तो आवाज आला. भरड, खोल, मधूनच ठेचकाळणारा. ठाण्यातला प्रत्येक जण दाराकडे बघू लागला. मिस्त्रीनं मान वर केली, कान दिला आणि स्वतःशीच पुटपुटला, "चोक आत ढकला, वहिनी."

हिरवी गाडी फाटकातून आत आली, वळताना चालवणाऱ्या व्यक्तीनं हात बाहेर काढून दाखवला. वडाखाली गाडी थांबली. सत्तरीच्या एक बाई उतरल्या. डोक्याला रुमाल, त्यांच्या चेहऱ्याला मोठा पडणारा पुरुषी गॉगल, सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट. थेट माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"मिस्त्रींना आधी सोडा. त्यांच्या घरून फोन आला तेव्हा मला कळलं. गाडी मी नेली होती."

मुलगा दारात येऊन उभा राहिला. "आई, तू तर मावशीकडे होतीस!"

"तिच्याकडेच होते. कर्जतला जाते, असं सांगितलं होतं तुला. कशानं जाते, ते तू विचारलं नाहीस."

हवालदाराला हसू आवरेना, म्हणून मी त्याला पाणी आणायला पाठवलं. बाईंना खुर्ची दिली. मिस्त्री उभाच होता, त्यालाही शेजारी बसवलं. "लायसन?" मी आपलं कर्तव्य म्हणून विचारलं. त्यांनी पर्समधून काढून दिलं. नूतनीकरण केलेलं होतं. "यांनीच काढून दिलं होतं. वापरायची वेळ आली नाही. यांना गाडीखालून पाहायचं असायचं, तेव्हा मी वर बसून अंगणात पुढे घ्यायची, मागे घ्यायची. तेवढंच माझं ड्रायव्हिंग."

मग त्यांनी जबाब दिला. मी लिहून घेत होतो, पण मधे मधे पेन थांबत होतं.

"लग्न झाल्यावर आम्ही भिवपुरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. तिथेच यांनी ही गाडी भंगारातून आणली, टेंपोमागे दोर बांधून. तेव्हा म्हणाले, ही तयार झाली की तुला हिच्यात बसवून साऱ्या कॉलनीत फिरवतो. मग ब्रेक झाले. एवढं झालं की जाऊ, म्हणाले. मग रेडिएटर निघाला. एवढं झालं की जाऊ. गिअरबॉक्स, वायरिंग, पुन्हा ब्रेक. लोधिवलीला राहायला आलो तेव्हा गाडी ट्रकमधून आली. इथून भिवपुरी काय लांब आहे? पण यांना गाडी पूर्ण झालेली हवी होती, आणि ती कधी पूर्ण व्हायचीच नाही. मी चिडायची. मग नाही चिडले. रविवार आला की हे खाली, मी स्टुलावर, मिस्त्री बॉनेटमध्ये. बरं वाटायचं."

त्या थांबल्या. रुमालाची गाठ सोडत म्हणाल्या, "ट्रक येणार म्हटल्यावर वाटलं, आता नाही तर कधीच नाही. शनिवारी कव्हर काढलं, घडी घालून स्टुलावर ठेवलं आणि निघाले. क्वार्टरच्या दारात नेऊन उभी केली. कुलूप होतं तिथं. ओळखीचं कोणी नाही. वाटलं होतं, खूप रडू येईल. नाही आलं. मी नुसती डावीकडच्या सीटकडे बघत बसले. सारखं वाटत होतं, हे आत्ता उतरतील आणि बॉनेट उघडतील. साहेब, माझी सारी हौस गाडीत बसून जायची नव्हती हो. यांच्याबरोबर जायची होती."

मी जबाबाचा कागद सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवला.

कायद्याचा भाग सोपा होता. नवऱ्याच्या गाडीवर बायकोचा वारसाहक्क मुलाइतकाच. आपल्या घरची गाडी आपल्या किल्लीनं नेणं म्हणजे चोरी नव्हे. गैरसमजातून दाखल झालेल्या गुन्ह्याला आमच्याकडे 'सी समरी' म्हणतात, तसा अहवाल मी पाठवून दिला. अवघड भाग पुढचाच होता, आणि तो माझ्या हातात नव्हता.

आम्ही सगळे बाहेर वडाखाली आलो. मुलानं मिस्त्रीसमोर हात जोडले. मिस्त्रीनं ते धरून खाली केले आणि म्हणाला, "र्‍हाऊ दे रं." मुलगा आईकडे वळला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "आई, विकू का गाडी?"

बाई मिस्त्रीकडे वळल्या. "मिस्त्री, आता काय राहिलंय हिचं?"

मिस्त्री उकिडवा बसला आणि गाडीखाली वाकून पाहू लागला. मीही वाकलो. इंजिनच्या तळाशी तेलाचा एक थेंब जमत होता. तो फुगला, लोंबला आणि मातीत पडला. मागोमाग दुसरा. मिस्त्रीनं ते माझ्याइतकंच स्पष्ट पाहिलं. उठला, हात पँटला पुसले आणि म्हणाला, "काय नाय राहिलं, वहिनी. सगळं झालं."

तेव्हा बाई रडल्या. गाडीच्या दारावर हात ठेवून, आवाज न करता, बराच वेळ. आम्ही तिघे पुरुष आपापल्या पायांकडे बघत उभे राहिलो. मग त्यांनी डोळे पुसले, गॉगल चढवला आणि मुलाला म्हणाल्या, "नको विकूस. बस गाडीत."

तो डाव्या सीटवर बसला. त्यांनी किल्ली फिरवली. टिकटिक आली नाही. त्या उतरल्या, मागे गेल्या, दांड्यानं पंपाला दोनदा थोपटलं आणि परत येऊन बसल्या. मुलगा वळून वळून बघत होता, जणू आईला पहिल्यांदाच पाहतोय. फाटकातून बाहेर पडताना उजवा हात सरळ बाहेर आला. रस्त्यावरच्या एका टेंपोवाल्यानं गोंधळून ब्रेक मारला, पण थांबला.

या प्रकरणानं मला एक व्यवहाराची गोष्ट शिकवली आणि ती मी पुढे प्रत्येक नव्या उपनिरीक्षकाला सांगितली. 'त्यांना काही कळवू नका' असं ज्या माणसाबद्दल सांगतात, त्याचा जबाब सगळ्यात आधी घ्या. काळजी करणारी माणसं विचारायला विसरतात.

त्या दिवशी हवालदार वडाखालच्या डागावर माती टाकायला निघाला होता, मी नको म्हटलं. माझी बदली होईपर्यंत तो डाग तिथं होता. आता मी निवृत्त आहे, घरीच असतो. बायको कुठं जाऊ या म्हणाली की अजूनही माझ्या तोंडी येतं, एवढं झालं की जाऊ. मग तो डाग आठवतो. मी हातातलं काम तसंच ठेवतो आणि चपला घालतो.